कढईकडे पाठ

तीळ भाजताना रंग बदलण्याआधी फुगतो. अगदी थोडासा, मधल्या भागात, जणू आत कोणीतरी श्वास घेतला असावा. मग तो जागच्या जागी उडतो, आणि त्यानंतर टोकाकडून तपकिरी होऊ लागतो. फुगणं आणि रंग बदलणं यांच्यात एक लहानशी फट असते. कढई उतरवायची ती त्या फटीत. आधी उतरवली तर तीळ कच्चे लागतात, नंतर उतरवली तर कडू.

थोरलीला हे गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तीळ भाजत होती, पण ते फुगताना तिने कधी पाहिले नव्हते. पाहायला त्या घरात बंदीच होती.

ही रीत सासूबाईंनी घालून दिलेली. भाजणारीने आधी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बाहेरची हवा छातीभर घ्यायची, म्हणजे नाक कोरं होतं. मग आत येऊन कढईकडे पाठ करून उभं राहायचं. ढवळायचं काम दुसरीचं. वास जुळला की पाठमोरीनेच म्हणायचं, "उतरव." डोळा उजेडाप्रमाणे फसतो, ढगाळ दिवशी वेगळं दाखवतो आणि दिव्याखाली वेगळं, नाक तसं फसत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. आणि ढवळणारीने मत द्यायचं नाही. "तू हात चालव, त्यात नाक खुपसू नकोस," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायच्या.

त्या गेल्या, पण रीत राहिली. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की घराच्या मागच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसे. पहिल्या खोलीत भाजणं आणि तळणं, दुसरीत डबे भरणं. साखरेच्या पाकात घोळून तीळ लावलेले शेंगदाणे, तांदळाच्या पिठाच्या पातळ कुरकुरीत चकत्या, खारे मटार, आल्याच्या वड्या. सुट्टीला गावी जाणारे लोक या घरचे डबे सोबत नेत. घरी केल्यासारखं लागतं, असं म्हणत. घरीच केलेलं असे, त्यामुळे थोरलीला त्या कौतुकाचं कधी काही वाटलं नाही.

आता तिने समोरच्या भिंतीवर एक मोठं पातेल्याचं झाकण टांगलं होतं. घासूनपुसून लख्ख केलेलं. जागा नाही म्हणून तिथे लावलंय, असं तिने धाकट्या जावेला सांगितलं होतं. कढईकडे पाठ करून उभं राहिलं की त्या झाकणात मागची कढई दिसे. थोडी वाकडी, थोडी पसरट, पण दिसे. तिळाचं फुगणं थोरलीने तिथे पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप आठवड्यात उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एके दुपारी घरात कोणी नसताना तिने एकेक वस्तू नाकाशी धरून पाहिली. कॉफी, साबण, व्हिनेगर, कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या. व्हिनेगरने डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र आला नाही. डांबराची गोळी गारगोटीसारखी निर्विकार. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू सगळं कळत होतं. त्यापलीकडचं जे काही असतं, ज्यामुळे शेंगदाणा शेंगदाणा लागतो, ते नव्हतं.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं मात्र ठरवलं होतं, आणि ते सांगणं ती वर्षभर पुढे ढकलत आली होती. आधी म्हणाली, महिनाभर वाट पाहू. मग लग्नसराईचे डबे आटोपू देत. मग धाकटीला दिवस गेले, तेव्हा म्हणाली, आता तिच्या डोक्याला ताप नको. अलीकडे ती म्हणत होती, या सुट्ट्या पार पडू देत.

खरं कारण एवढंच होतं की नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहत होती. दीर चांगला होता. चेष्टेखोर, मोकळा, वहिनीला कधी वेडंवाकडं न बोललेला. पण भाजायला उभी राहते तोवर आपण या घरात कोणाच्या उपकारावर नाही, हे थोरलीने मनाशी पक्कं धरलं होतं. घराला तिचं नाक हवं होतं. नाक नसलेल्या वहिनीचं घरात काय काम, या प्रश्नाचं उत्तर तिला सापडत नव्हतं, म्हणून ती तो प्रश्न कोणासमोर मांडत नव्हती.

त्या दिवशी सकाळी शेंगदाण्याचं नवं पोतं उघडलं. नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा माल संपला होता, म्हणून दिराने दुसरीकडून आणलं होतं. थंडी होती आणि वाऱ्याने पाक लवकर धरतो, म्हणून खिडक्या लावलेल्या. धाकटी उंच स्टुलावर बसून ढवळत होती. सातवा महिना, त्यामुळे उभं राहायचं नाही असं ठरलं होतं. पोतं तिच्या स्टुलाला टेकून ठेवलं होतं, म्हणजे वाकायला नको, हात घातला की माप भरून घेता येईल. ही सोय थोरलीनेच केली होती.

दुसरा घाणा चालू असताना धाकटी म्हणाली, "ताई, लसणाचा वास येतोय का हो?"

थोरली झाकणात पाहत होती. असा प्रश्न कधीतरी येणार हे ती जाणून होती, आणि त्याचं उत्तर तिने तयार करून ठेवलं होतं. उत्तर असं की आधी हो म्हणायचं आणि मग वासाला एखादी जागा द्यायची. जागा दिली की माणसं पुढे विचारत नाहीत.

"येतोय ना," ती म्हणाली. "बाजूच्या शिंप्याकडचा असेल. त्याची बायको लोणच्याला लसूण सोलत बसते."

"मला वाटलं, मलाच येतोय." धाकटी हसली. "परवा साबणाला मासळीचा वास येत होता. हे म्हणाले, अंघोळ तरी कर, नाहीतर तुझाच येईल."

थोरलीही हसली. "उतरव," ती म्हणाली, आणि धाकटीने आच बंद करून दाणे परातीत ओतले.

दिवस गेल्यापासून धाकटीच्या नाकाने घरात करमणूक मांडली होती. तिला दाराच्या रंगाचा वास येई, पावसात न भिजलेल्या छत्रीचा येई. सगळे तिची थट्टा करत, आणि तीही आपल्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडून थोरलीच्या नाकावर विसंबायला शिकली होती. ताईंना आला तर खरा, नाही आला तर पोटातल्या पोराचा, असा तिचा हिशेब. घरातलं एक नाक जरा जास्तच जागं होतं आणि दुसरं मेलेलं होतं, आणि सगळं घर त्या मेलेल्याच्या शब्दावर चाललं होतं.

घाण्यामागून घाणे निघत गेले. थोरली प्रत्येक वेळी पायरीवर जाऊन येई. कोरं करायला नाक उरलं नव्हतं, पण रीत मोडली तर प्रश्न निघतील. ती छातीभर थंड हवा घेऊन आत येई. धाकटी मात्र सकाळपासून स्टुलावरून हलली नव्हती.

मध्येच धाकटी म्हणाली, कपाळ दुखतंय. थोरलीने तिला चहा करून दिला. तिने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. चहालाही तोच वास येतोय, असं काहीसं पुटपुटली. मग हसून म्हणाली, शिंपीणबाईंनी आज लसणाचं पोतंच सोललेलं दिसतंय.

थोरलीला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ती नेमकी कशाची, हे तिला सांगता आलं नसतं. शिंप्याचं घर बाजूचं, मध्ये एक बोळ आणि दोन भिंती. खिडक्या लावलेल्या. तिकडचा वास इतका वेळ, इतका जोरात, चहाच्या कपापर्यंत येईल का? ज्याला वास येतो त्याने हे सहज ठरवलं असतं. तिने एकदा विचारून पाहायचं ठरवलं, पण विचारणार तरी कसं? अजून येतोय का, असं विचारलं तर धाकटी म्हणेल, तुम्हाला येत नाही का? सकाळी जो शब्द आधार म्हणून पुढे केला होता, त्यातच तिचे पाय अडकले होते.

"वास वाढला नाही ना?" असं शेवटी तिने विचारलं. शक्य तितक्या सहज.

"तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. "माझ्या नाकाचं काही खरं आहे का?"

पायरीवर जायची वेळ झाली नव्हती, तरी थोरली गेली.

बाहेर ऊन होतं, पण गार. ती बोळातून पुढे चालत शिंप्याच्या मागच्या दाराशी आली. दाराला कुलूप होतं. बाजूच्या खिडकीतून यंत्रावर टाकलेलं झाकणाचं कापड दिसत होतं, आणि उंबऱ्याशी दोन दिवसांची दुधाची पिशवी तशीच पडून होती. माणसं सुट्टीला निघून गेली होती. त्यांचे डबे आपणच परवा बांधून दिले, हे तिला तिथे उभी असताना आठवलं. आठवायला हवं होतं ते सकाळी.

मग लसूण कुठला?

आणि तेव्हा तिच्या नवऱ्याचा आवाज तिच्या डोक्यात बोलू लागला, इतका स्पष्ट की तो बोळात उभा असावा. तो धान्याच्या गोदामात कारकून होता. किड्यांसाठी गोदाम बंद करून आत विषारी वायू सोडणारं औषध ठेवतात आणि मग दिवसभर दारं उघडी टाकतात, हे त्यानेच तिला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. आणि हसत हसत म्हणाला होता, लसूण नसताना लसणाचा वास आला ना, की चपला शोधत बसायचं नाही, पळत सुटायचं.

तिला हे माहीत होतं. सकाळी धाकटीने विचारलं तेव्हाही माहीत होतं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आपण पकडले जाऊ नये. दुसऱ्या कशाला तिथे शिरायला वाव मिळाला नव्हता.

ती धावत आली. धाकटी स्टुलावरून उतरून भिंतीला टेकून खाली बसली होती. ओठ पांढरे, कपाळ घामाने चिंब. कढईत दाणे करपत होते, झाकणात धूर दिसत होता, आणि ते करपणंही थोरलीला फक्त डोळ्यांनीच कळलं. तिने आच बंद केली, खिडक्या धडाधड उघडल्या. धाकटीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. धाकटी म्हणत होती, ताई, छाती भरून आल्यासारखी झालीय, जरा बसू द्या. थोरलीने बसू दिलं नाही. तिला ओढतच पायरीबाहेर आणलं, उन्हात बसवलं, आणि दिराला फोन केला. तो शेजारच्या रस्त्यावर डबे पोचवत होता. गाडी घेऊन आत्ता ये, एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

तो येईतो तिने तोंडाला पदर बांधला, श्वास रोखला आणि आत जाऊन पोतं फरफटत अंगणात आणून उलटं केलं. दाणे सांडले. जवळजवळ तळाशी एक कापडी पुडी निघाली, तळहाताएवढी. शिवण एका बाजूने उसवलेली आणि आत राखाडी भुकटी. व्यापाऱ्याकडे कोणीतरी काढायला विसरलं होतं. धाकटी सकाळपासून मापाने दाणे काढत होती, आणि प्रत्येक मापागणिक तिच्या आणि पुडीच्या मधले दाणे कमी होत होते.

थोरलीने पुडीला हात लावला नाही. तिच्यावर रिकामी बादली उपडी घातली आणि वर वीट ठेवली.

दवाखान्यात धाकटीला एका खाटेवर कुशीवर झोपवलं आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. एक परिचारिका तिच्या पोटावर छोटं यंत्र फिरवत होती. यंत्रातून खरखर येत होती, वाळू चाळल्यासारखी, आणि बराच वेळ फक्त खरखरच आली. दीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग खरखरीच्या आतून टकटक ऐकू आली. घाईची, बारीक.

"आहे," परिचारिका म्हणाली. "जरा पळतंय."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी थोरलीकडून पुडीचं वर्णन ऐकलं, रंग विचारला, ती आता कुठे आहे ते विचारलं. मग धाकटीकडे वळल्या. वास कधीपासून येत होता, हे त्यांना हवं होतं. किती वेळ ती त्या हवेत होती, जोर कधी वाढला, कोणत्या बाजूने येत होता. यावरून पुढचं ठरवायचं होतं. रात्रभर नुसतं लक्ष ठेवायचं, की हृदयावर उपचारांची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच हलवायचं.

धाकटीने मास्क बाजूला केला. तिला बोलायला त्रास होत होता. ती म्हणाली, तिचं तिला नीट सांगता येणार नाही, तिला हल्ली कशाचाही वास येतो. पण ताईंनाही आला होता. ताईंना सांगता येईल.

"हो, वहिनीलाच विचारा," दीर वळून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी आशा दिसली. "तिच्या नाकाला लोक लांबून लांबून मानतात. वास थोडाच असणार, जास्त नसणार. जास्त असतं तर वहिनीला आधी कळलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "सांगा. सकाळी सौम्य होता की जोरात? मध्ये कमी झाला का?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. थोरलीला दिसलं की उत्तर अगदी जवळ ठेवलेलं आहे. सौम्य होता, असं म्हणायचं. दुसऱ्या घाण्यापासून, मध्येच वाढला, मी पायरीवर जाऊन आले तेव्हा कमी वाटला. एखादी जागा दिली की माणसं पुढे विचारत नाहीत. त्या शब्दांवर धाकटी या खाटेवरच राहील, किंवा हलवली जाईल, आणि कोणाला कधी कळणार नाही की ते शब्द हवेतून काढलेले होते. दुसऱ्या बाजूला दिराचा चेहरा होता, आता होता तसा, आणि तो पुन्हा तसा दिसणार नव्हता.

यंत्रातली टकटक चालू होती. मध्येच एकदा ती चुकल्यासारखी वाटली आणि परिचारिकेने यंत्र थोडं सरकवलं. जी भीती ती वर्षभर उशाशी घेऊन झोपली होती, ती आता खूप लहान दिसू लागली, दुसऱ्या कोणाची असावी तशी.

"माझ्यावर विसंबू नका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तिचं नाक बरोबर आहे. ती म्हणते तेव्हापासून धरा, आणि ती म्हणते तितका जोर धरा. तिने सकाळी दुसऱ्या घाण्याला विचारलं होतं. चहाच्या वेळी वाढला होता, तेही तीच म्हणाली. मला काहीच आला नव्हता. मी खोटं बोलले."

"म्हणजे?" दीर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि परिचारिकेला मोठ्या दवाखान्याची गाडी बोलवायला सांगितलं. ती बाहेर धावली. धाकटी खाटेवरून थोरलीकडे पाहत होती, मास्कच्या वरून फक्त डोळे. त्या डोळ्यांत राग आहे की नुसती भीती, हे थोरलीला वाचता आलं नाही. तिने वाचायचा प्रयत्नही सोडला. तिने आधी दिराकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि म्हणाली,

"गेल्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. सुट्टीचा एकही डबा घराबाहेर जाऊ देऊ नकोस, त्या पोत्यातले दाणे त्यात असतील; गेलेत ते आजच परत आण. आणि मी भाजणं सोडलंय."